घरगाडी, दोन नद्या आणि वेणूताई

अकोल्यात आमच्या फाटकासमोर घरगाडी उभी राहिली तेव्हा अख्खी गल्ली ती बघायला आली. कोणी पायऱ्या चढून आत डोकावलं, कोणी गादीवर बसून पाहिलं. समोरच्या काकूंनी बेसिनचा पायानं दाबायचा पंप तीनदा दाबून पाणी येतंय याची खात्री केली आणि मग हळूच माझ्या कानाशी येऊन विचारलं, "सगळं छान आहे गं, पण संडासचं काय?" मी त्यांना मागच्या पडद्याआडची घडीची कमोड-खुर्ची दाखवली. त्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

माझ्या नवऱ्याचा, नितीनचा, गाड्यांच्या सीट शिवायचा धंदा आहे. एका शाळेनं मोडीत काढलेली जुनी मिनीबस त्यानं घेतली आणि वर्षभर रोज संध्याकाळी तिच्यात घुसून बसला. बाकडी निघाली, प्लायवूडचे दोन पलंग आले. शेगडी, छोटं सिलिंडर, खिडक्यांना पडदे, बाहेरून ओढून काढायची ताडपत्रीची पडवी. सगळी कागदपत्रं झाली, आणि डिसेंबरची थंडी पडल्यावर आम्ही ठरवलं की पहिला प्रवास आपल्याच मुलखात करायचा. एक मुक्काम वर्धा नदीच्या काठी, मग मेळघाटात सेमाडोहला सिपना नदीच्या काठावरच्या कुट्यांमध्ये (लाकडी झोपड्यांमध्ये). सोबत बाबांना घ्यायचं. बाबा चांदूर रेल्वेला एकटे राहतात. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. आई जाऊन चार वर्षं झाली.

निघायच्या आदल्या दिवशी बाबांचा फोन आला. "मंजू, गाडीत जागा आहे ना? माझ्यासोबत अजून एक जण येतील."

"आहे की. देशमुखसर का?"

"नाही. दुसरे एक आहेत," बाबा म्हणाले आणि त्यांनी लगेच थंडीचा विषय काढला.

मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत धुकं होतं. दोन्ही बाजूंना कपाशी शेवटच्या वेचणीला आलेली, तुरीला शेंगा धरलेल्या. घरगाडी खड्ड्यात गेली की मागे भांडी एकदम बोलायची. प्रत्येक वेळी नितीन आरशात बघून म्हणायचा, "काही फुटलं नाही ना?" अमरावतीत थांबून आम्ही गिला वडा (दही-चटणीत भिजवलेला वडा) खाल्ला. त्या तिखटानं नाक वाहायला लागलं तरी नितीननं अजून एक प्लेट मागवली. मग पोहऱ्याच्या जंगलातून चांदूरचा रस्ता धरला.

बाबा अंगणाच्या फाटकाशीच उभे होते. इस्त्रीचा शर्ट, नवा मफलर. आणि त्यांच्या शेजारी, एका हातात रेक्झिनची बॅग आणि दुसऱ्या हातात कापडात बांधलेलं भलंमोठं पातेलं घेऊन, एक बाई. साठीच्या असतील. उंच, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, पायात खेळाडूंचे बूट.

"ह्या वेणूताई," बाबा म्हणाले. "एसटीत कंडक्टर होत्या. आता निवृत्त झाल्यात."

"नमस्कार," मी म्हणाले. पुढे काही सुचलं नाही.

वेणूताईंना मात्र सुचत होतं. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, टायरला बुटानं ठोकून पाहिलं आणि नितीनला म्हणाल्या, "जावईबुवा, गाडी तं लय झकास बनवली! मागचं टायर थोडं बसून राहिलं पण. हवा भरून घ्या." नितीन खूश. त्याला वर्षभरात कोणी इतक्या आस्थेनं टायरबद्दल विचारलं नव्हतं.

मी गाडीत पुढच्या सीटवर बसले ती मान वळवून मागे बघितलंच नाही. माणूस काही लहान मूल नसतं. इस्त्रीचा शर्ट, नवा मफलर आणि फोनवर थंडीचा विषय, एवढं जुळवायला वेळ लागत नाही. मागून वेणूताईंचा आवाज येत होता. कुठल्या फाट्यावर कोण चढायचं, कुठल्या गावची म्हातारी बकरीचं पिल्लू पदराखाली लपवून आणायची. आणि मधेच बाबांचं हसणं. ते हसणं ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला राग येत होता.

वर्धेच्या काठावर आमचा मुक्काम गजाननभाऊ नावाच्या बागाईतदाराच्या शेतात होता. त्यांनी संत्र्याच्या बागेला लागून, नदीच्या दरडीवर, पत्र्याच्या छपराची एक लाकडी खोली बांधली आहे आणि आमच्यासारख्या गाडीवाल्यांना उभं राहायला जागा ठेवली आहे. खाली वर्धा पसरलेली, उथळ, मधे वाळूचे पट्टे. पलीकडच्या काठावर दुसरा जिल्हा. पाण्यात दोन बगळे इतके स्थिर होते की मला आधी खुंट्याच वाटल्या.

गाडी नीट लावायची तर उलटी घ्यायला हवी होती. वेणूताई टुणकन खाली उतरल्या. गाडीच्या पाठीवर थाप मारत त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या... डावीकून घ्या... येऊ द्या..." नितीन विश्वासानं येत गेला. आणि त्या "बस्स!" म्हणाल्या तेव्हा मागची दोन्ही चाकं ओलवलेल्या काळ्या मातीत अर्धी रुतली होती. आदल्या रात्री गजाननभाऊंनी तिथं पाणी सोडलं होतं.

काळी माती एकदा धरली की सोडत नाही. चाकं फिरली तशी ती अजून खोल गेली, आणि मागे उभ्या असलेल्या बाबांच्या इस्त्रीच्या शर्टावर चिखलाचे ठिपके उडाले. मला वाटलं आता कोणीतरी चिडणार. वेणूताई कमरेवर हात ठेवून चाकांकडे बघत राहिल्या आणि मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"पंचवीस वर्षं येऊ द्या येऊ द्या केलं, एक गाडी फसली नाही. आज पोरीसमोर इज्जत गेली!"

गजाननभाऊ ट्रॅक्टर घेऊन आले. साखळी बांधली, गाडी हलली, मागे भांडी जोरात बोलली. "होते असं," गजाननभाऊ म्हणाले. "माह्या जावयाचीबी फसली होती. त्यानं दोन दिवस फोन केला नाही मले."

संध्याकाळी रोडगे झाले. रोडगे म्हणजे आमच्या वऱ्हाडातला बाहेरच्या जेवणाचा राजा. जाड कणकेचे थर लावून केलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. वेणूताईंच्या पातेल्यात त्याचीच कणीक होती, घरून मळून आणलेली. बाबा मांडी घालून बसले आणि गोळे वळायला लागले. आई असताना बाबांनी स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा भांडं स्वतः घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांचे गोळे सगळे एका मापाचे. गणिताचा मास्तर शेवटी.

अर्धे रोडगे बाहेरून कोळसा झाले. आतून मात्र असे खुसखुशीत, की गजाननभाऊंच्या घरून दोघं जण वास घेत आले आणि जेवूनच गेले.

मग झोपायचा प्रश्न आला. खोली एक, गाडी एक. बाबा आणि नितीन खोलीत, आम्ही दोघी गाडीत. दुसरं काही शक्यच नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून पडले. वेणूताई "दिवा घालवू का?" एवढंच म्हणाल्या.

सकाळी जाग आली तेव्हा शेजारचा पलंग रिकामा होता. त्या खाली दरडीवर, शाल गुंडाळून, शेगडी बाहेर काढून चहा करत होत्या. नदीवरून वाफ निघत होती. मी जाऊन बसले. न जाणं फार उघड दिसलं असतं.

"झोप झाली?"

"झाली."

"खोटं कावून (कशाला) बोलते? या कुशीवरून त्या कुशीवर करून राहिली होती. पलंग करकरते तो. जावईबुवाले सांग, तेल टाकून घ्या म्हणा." त्यांनी कप पुढे केला. "विचार ना, काय विचाराचं ते."

मी विचारलं. कधीपासून ओळख, कुठे भेटलात. विचारताना माझा आवाज मलाच कोर्टातल्यासारखा वाटला.

वेणूताई नदीकडे बघत सांगायला लागल्या. शेवटची काही वर्षं त्यांची ड्यूटी चांदूर–अमरावती गाडीवर होती. दर मंगळवारी चांदूरहून एक मास्तर चढायचे. खिडकीशी बसायचे, अमरावतीला उतरायचे, स्टँडवर चहा प्यायचे आणि त्याच गाडीनं परत यायचे.

"हातात पिशवी नाही, कागद नाही, डॉक्टरची फाइल नाही. मले वाटलं, काहीतरी भानगड आहे. एक दिवस विचारलंच. म्हटलं, मास्तर, तुमाले अमरावतीले काही काम असते का? त म्हणे नाही. मंग कावून येता? त म्हणे..." त्या थांबल्या. "म्हणे, घरी आवाज नाही हो कोणाचा. इथं माणसं बोलून राहतात. ऐकाले येतो."

मी कप खाली ठेवला.

"मंग मी त्याईले (त्यांना) माह्या सीटपाशी बसवलं. म्हटलं, नुसतं ऐकू नका, बोला. अशी ओळख आमची. रिटायर झाली त मंगळवार बुडला. मंग तेच घरी याले लागले चहाले."

मी आठवड्यातून दोनदा बाबांना फोन करायचे. गोळ्या घेतल्या का, डबेवाली येते का, गॅस बंद केला का. ते सगळ्याला हो म्हणायचे आणि मला वाटायचं, सगळं ठीक चाललंय. मंगळवारच्या गाडीबद्दल ते एका शब्दानं बोलले नव्हते. बोलणार तरी काय? आपल्या मुलीला कोण सांगतं, की मी लोकांचे आवाज ऐकायला एसटीत बसतो?

"माहेर कुठलं तुमचं?" मी विचारलं.

"बार्शीटाकळी. तुह्या अकोल्याच्या उशालेच." त्यांनी माझा थंड झालेला चहा पातेल्यात ओतला आणि पुन्हा गरम केला. त्यांना नवरा होता, तो तरुणपणीच वारला. मूलबाळ नाही. अमरावतीत दोन खोल्यांचं स्वतःचं घर आहे. एवढं सगळं त्यांनी तो चहा उकळेपर्यंत सांगून टाकलं.

गजाननभाऊंनी निघताना आंबिया बहाराची शेवटची संत्री एक पोतंभर गाडीत टाकली. अमरावती, मग परतवाडा. तिथून सातपुड्याच्या रांगा अंगावर येतात. घाट सुरू झाला, रस्ता सागाच्या जंगलात शिरला. पानं खाली गळून रस्त्याच्या कडेला तांबडी झालेली, आणि चाकांखाली पापड मोडल्यासारखा आवाज करत होती. वानरं कठड्यावर रांगेनं बसून आमच्याकडे गल्लीतल्या शेजाऱ्यांसारखीच बघत होती.

घाटाच्या मध्यावर मागची बडबड बंद पडली. मी वळून पाहिलं तर वेणूताई पलंगावर बसून दोन्ही हातांनी कड पकडून होत्या. चेहरा पांढरा.

"गाडी थांबवा," बाबा म्हणाले.

नितीननं वळणापुढे जागा बघून गाडी थांबवली. मी त्यांना धरून खाली उतरवलं. त्या कठड्याशी वाकल्या. मी पाठ चोळत राहिले, मग पाणी दिलं, मग एक संत्रं सोलून त्याची साल नाकाशी धरली. थोडं बरं वाटल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि कुजबुजल्या, "कंडक्टरले गाडी लागली. कोणाले सांगू नको हं बाई. डेपोत समजलं त जगू नाही देणार."

मला हसू फुटलं. त्याही हसल्या. मग पुढच्या सीटवर त्यांना बसवलं आणि मी मागे बाबांजवळ जाऊन बसले. बाबांनी एक संत्रं सोलून अर्धं मला दिलं.

सेमाडोहला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गाव छोटं. कोरकू लोकांची स्वच्छ सारवलेली घरं, अंगणात मक्याची कणसं टांगलेली. रस्त्याकाठच्या एका हॉटेलात आटवलेल्या दुधाची रबडी मिळते. द्रोणात दिली, साय जाड, धुराचा किंचित वास. घाटात पोट रिकामं झालेल्या वेणूताईंनी दोन द्रोण खाल्ले. "आता भरून निघालं," म्हणाल्या. मोबाइलची रेंज गेली होती. नितीन गाडीवर चढून फोन उंच धरून पाहत होता, तेवढ्यात एका वानरानं उघड्या दारातून आत शिरून संत्र्यांचं पोतं फाडलं. आम्ही सगळे ओरडलो. ते दोन हातांत दोन संत्री घेऊन शांतपणे पायऱ्या उतरलं, जसं काही गजाननभाऊंनी त्यालाच दिली होती.

कुट्या सिपनेच्या काठावरच आहेत. लाकडी भिंती, पुढे छोटी पडवी, पडवीसमोर साग आणि अर्जुनाची झाडं आणि खाली नदी. वर्धा पसरट, आळसावलेली. सिपना तशी नाही. ती काळ्या खडकांमधून वाट काढत, बारीक आवाज करत जाते. पाणी इतकं नितळ की तळातले गोटे मोजावेत. आम्हाला दोन कुट्या मिळाल्या होत्या. पुन्हा तीच वाटणी. या वेळी मला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलात गाडीनं फिरून आलो. गवे दिसले, सांबरं दिसली, वाघाच्या पंजाचा ठसा दिसला. त्याच्या शेजारी नितीननं आपली चप्पल ठेवून फोटो काढला. जेवणं झाली. नितीन आणि मी पडवीत आडवे झालो. बाबा म्हणाले, "आम्ही जरा नदीवर पाय भिजवून येतो."

किती वेळ गेला ठाऊक नाही. माझा डोळा लागला होता, जाग आली ती एका शिट्टीनं. कर्कश, थांबून थांबून वाजणारी. एसटीच्या गाडीत वाजते तशीच.

"वेणूताई!" मी म्हणाले आणि आम्ही दोघं अनवाणीच पळत सुटलो.

बाबा नदीत बसले होते. अक्षरशः. दोन खडकांच्या मधे, कमरेपर्यंत पाण्यात. एका शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवला, तो सटकला आणि घोटा मुरगळला. वेणूताई साडी खोचून त्यांच्या मागे पाण्यात उभ्या होत्या. दोन्ही हातांनी त्यांना काखेत धरलेलं, आणि ओठांत शिट्टी. ती त्यांच्या बटव्यात अजून असते, सवय जात नाही, हे नंतर कळलं. ओढून काढायची त्यांच्या एकटीची ताकद नव्हती आणि सोडून मदतीला जायचं मन नव्हतं, म्हणून त्या तशाच उभ्या राहून शिट्टी फुंकत होत्या. त्यांचे पाय थंडीनं थरथरत होते.

"वेणू, सोड आता, मुलं आली," बाबा म्हणाले.

वेणू. दोन दिवस ते वेणूताई म्हणत होते.

नितीन पाण्यात उतरला. कुट्यांवरचा खानसामा (स्वयंपाकी) प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन धावत आला. बाबांना खुर्चीत बसवून दोघांनी काठावर आणलं. घोटा सुजला होता, पण पाय टेकवता येत होता. हाड शाबूत असावं. तरी मी घाबरले होते, आणि घाबरले की मी ओरडते.

"बाबा, तुमचं वय काय! शेवाळावर कशाला जायचं? इथं दवाखाना कुठं शोधायचा? काही झालं असतं तर?"

"मंजू," बाबा म्हणाले. शाळेत वर्ग शांत करायचे त्या आवाजात. "खाली बस."

मी वाळूत बसले.

"काही झालं नाही. झालं असतं तर नदीत झालं असतं. घरी खाटेवर पडून छताकडे बघत होण्यापेक्षा बरं." मग त्यांनी मफलर सोडला, पिळला आणि म्हणाले, "मी वेणूला लग्नाचं विचारलंय. तुला सांगायला धीर होत नव्हता म्हणून या सहलीचं निमित्त धरलं."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

वेणूताई बाजूला खडकावर बसून साडीचा काठ पिळत होत्या. "मी काही म्हटलं नाही. म्हटलं, आधी तुमच्या पोरीले भेटते. तिचं तोंड पाहते. मंग सांगते."

"मी नाही म्हटलं तर?"

"त मी पण नाही म्हणीन," त्या सहज म्हणाल्या. "लग्नापाई बापलेकीत मले वाकडं नाही आणाचं. पण एक सांगते. चहाले मास्तर येतच राहतील. ते तुह्या सांगण्यानं बंद होत नाही."

मी उठले आणि काठाकाठानं चालत गेले. नितीन मागे आला नाही, हे त्यानं बरं केलं. एका अर्जुनाच्या मुळावर बसले. मला आई आठवत होती. आईचा आवाज बारीक होता, ती कधी कोणाला मोठ्यानं हाक मारायची नाही. वेणूताईंसारखी बाई आमच्या घरी आली असती तर आई दोन मिनिटांत थकली असती. मला आईच्या जागी तिच्यासारखंच कोणी हवं होतं का? का कोणीच नको होतं? खरं सांगायचं तर मला ते चांदूरचं घर तसंच हवं होतं, आईच्या हातचं लावलेलं, आणि त्यात बाबा, गोळ्या वेळेवर घेणारे. पण त्या घरात दिवसभर राहायचं होतं बाबांना. मी फक्त दिवाळीला जायचे.

परत निघाले तर लांबूनच दोघांचा आवाज येत होता.

"मी सांगितलं होतं, त्या गोट्यावर पाय नका ठेवू."

"तू डाव्या गोट्याबद्दल सांगितलंस. हा उजवा होता."

"माह्याकून डावा तो! तुमी उलटे उभे होते!"

"मग दिशा ऐकणाऱ्याच्या बाजूनं सांगायची असते, वेणू. परवा गाडी पण अशीच फसवलीस."

"आता गाडीबी मीच फसवली का? मातीले पाणी मी सोडलं होतं?"

बाबा हसत होते. सुजलेला पाय थंड पाण्याच्या बादलीत, अंगावर खानसाम्यानं दिलेलं घोंगडं, आणि हनुवटी हलवत, दात दाखवत हसत होते. मी त्यांना असं कोणाशी भांडताना कधी पाहिलं नव्हतं. आईशी ते भांडले नाहीत. माझ्याशी तर नाहीच.

मी वेणूताईंसमोर जाऊन उभी राहिले. "हो म्हणून टाका," मी म्हणाले. "पण यांना डावं-उजवं नीट शिकवा."

वेणूताईंनी माझ्याकडे बघितलं. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "एक आहे पण. मी चांदूरले राहाले येणार नाही. ते घर तुह्या आईचं आहे. तिथं मी पाहुणीसारखी येईन, चहा पिऊन जाईन. मास्तरनं माह्याकडे याचं."

"म्हणजे मी घरजावई?" बाबा म्हणाले.

"जावई नाही. नुसतं घर," नितीन म्हणाला, आणि त्याचा अर्थ काय ते त्यालाही सांगता आलं नाही. पण आम्ही सगळे हसलो. खानसाम्याला काय चाललंय ते कळत नव्हतं. तोही हसला आणि भजी तळायला गेला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी घाट उतरलो. वेणूताई सुरुवातीपासूनच पुढच्या सीटवर, नाकाशी संत्र्याची साल. परतवाड्यात डॉक्टरांनी बाबांचा पाय बघितला, पट्टी बांधली, विश्रांती घ्या म्हणाले. अमरावतीत आधी वेणूताईंचं घर लागतं. त्या म्हणाल्या, पाय बरा होईपर्यंत मास्तर इथंच थांबतील, चांदूरला कोण बघणार? कोणी हरकत घेतली नाही.

घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खिडकीत तुळस, भिंतीवर कॅलेंडर, कोपऱ्यात शिलाई मशीन. वेणूताई पिशव्या ठेवायला आत गेल्या. बाबा माझ्या खांद्याला धरून लंगडत आले, खुर्चीत बसायच्या आधी भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेले, उजवीकडचं कपाट उघडलं आणि वरच्या फळीवरून चार पेले काढले. कोणाला विचारलं नाही. माठातून पाणी भरून त्यांनी पहिला पेला माझ्यापुढे धरला.

"घे," म्हणाले. "लांब जायचंय तुम्हाला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी त्या पेल्यातच लपवलं.

बडनेऱ्याच्या पुढे आल्यावर मी फोन काढला. माझा मोठा भाऊ हैदराबादला असतो, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. बाबांनी त्याला सांगायचं काम माझ्यावर टाकलं होतं, आणि मीही ते घेतलं होतं.

"दादा, बाबा लग्न करतायत."

तो म्हणाला, "कोणाशी? अन् तू काय करून राहिली होती? तू होतीस ना सोबत? थांबवलं नाहीस?"

तीन दिवसांपूर्वी चांदूरच्या फाटकाशी मी जे म्हणाले असते, अगदी तेच तो म्हणत होता. बाहेर ऊन उतरत होतं, कपाशीच्या शेतात बायका शेवटची बोंडं वेचत होत्या. माणसं प्रवासाला जातात तेव्हा काय बघून आलात म्हणून विचारलं जातं, आणि आपण नद्या, डोंगर, जनावरं सांगतो. मी या वेळी माझे बाबा बघून आले होते.

"नाही थांबवलं," मी म्हणाले. "तुला वेळ आहे का? मग ऐक."